इशारा वाटेत हरवू नये
(संगणक-जाळ्यातील सूचनांच्या अग्रेषणाविषयी भाषणाचा मजकूर)



तालुक्याच्या कचेरीत जमिनीचा उतारा घेण्यासाठी शेतकरी येतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने शासन म्हणजे खिडकीपलीकडचा कर्मचारी आणि त्याच्यासमोरचा संगणक एवढेच असते. संगणक चालू असतो, वीजही असते. परंतु 'जाळे बंद आहे, उद्या या' असे उत्तर त्याला मिळते. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचे भाडे वाया जाते आणि पेरणीच्या दिवसांत बँकेचे काम आणखी लांबणीवर पडते. अनेकदा असे असते, की जाळ्यातील बिघाड रात्री तीन वाजताच एका यंत्राच्या लक्षात आलेला असतो. त्या यंत्राने आपल्या कर्तव्याप्रमाणे इशाराही दिलेला असतो. मात्र ज्याने दुरुस्तीला निघायचे त्याच्यापर्यंत तो पोहोचलेला नसतो. यंत्राने दिलेला इशारा एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे आणि अखेरीस जबाबदार माणसाकडे कसा पोहोचवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय तांत्रिक आहे खरा; पण त्याचा शेवट त्या खिडकीपाशीच होतो.

कलघटगीचे उदाहरण

विवेचनासाठी कलघटगी हे गाव घेऊ. हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३० किलोमीटरांवर, धारवाड जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण आहे. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी त्याची ख्याती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्ह्याबरोबर हा तालुकाही मुंबई राज्यातच होता. त्यामुळे मामलेदार कचेरी, तालुका, उतारा हे सारे शब्द तेथल्या जुन्या पिढीच्या परिचयाचे. पश्चिमेस यल्लापूरची जंगले सुरू होतात आणि पावसाळा जोराचा असतो. झाडे पडणे, वीज जाणे आणि रस्त्याच्या खोदाईत तार तुटणे या तिन्ही गोष्टी अशा भागात नेहमीच्या.

या शतकाच्या प्रारंभी कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी खिडकीवर उतारे मिळू लागले. मार्च २००५ मध्ये केंद्र शासनाने राज्यव्यापी विस्तृत क्षेत्र जाळ्याची योजना मंजूर केली. त्या योजनेत राज्याचे मुख्यालय, जिल्ह्याचे मुख्यालय आणि तालुका वा गट असे तीन टप्पे आखलेले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस मंजुरी मिळाली. पुढे हीच योजना 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. या आखणीनुसार बंगळूर, धारवाड आणि कलघटगी ही एका साखळीची तीन कडी झाली. महाराष्ट्रातही मुंबई, जिल्हा आणि तालुका अशीच रचना आहे. म्हणून पुढे जे सांगितले आहे, ते कोल्हापूरच्या चंदगडला किंवा गडचिरोलीच्या एटापल्लीलाही तितकेच लागू पडते.

विचारणे आणि सांगणे

जाळ्यातील प्रत्येक उपकरणावर देखरेख ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली विचारण्याची. केंद्रातील संगणक दर पाच मिनिटांनी प्रत्येक उपकरणास 'ठीक आहे ना?' असे विचारतो आणि उत्तर नोंदवितो. दुसरी सांगण्याची. उपकरणाला काही विपरीत घडल्याचे कळताच ते कोणी विचारण्याची वाट न पाहता केंद्राला आपण होऊन कळविते. या आपण होऊन दिलेल्या सूचनेस 'ट्रॅप' असे म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सापळा असा असला तरी येथे तो तातडीची वर्दी या अर्थाने घ्यावयाचा.

या दोन्ही रीतींना एकच नियमावली लागू आहे. तिचे नाव 'सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल', संक्षेपाने 'एसएनएमपी'. केस, फेडर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी ती लिहिली. ऑगस्ट १९८८ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि मे १९९० मध्ये सुधारित रूप आले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच भाषेत आपली प्रकृती सांगू शकतील, हा तिचा हेतू होता. उपकरणाने चौकशीची उत्तरे १६१ क्रमांकाच्या दाराशी द्यावयाची आणि केंद्राने ट्रॅप १६२ क्रमांकाच्या दाराशी स्वीकारावयाचे, अशी वाटणी त्या काळापासून आजतागायत कायम आहे.

मूळ नियमावलीत ट्रॅपचे सहाच सर्वसाधारण प्रकार सांगितलेले होते : उपकरण नव्याने सुरू झाले, पुन्हा सुरू झाले, जोडणी तुटली, जोडणी पूर्ववत झाली, कोणी चुकीच्या परवलीने चौकशी केली आणि शेजारचा मार्गदर्शक नाहीसा झाला. सातवी जागा उत्पादकांच्या स्वतःच्या सूचनांसाठी मोकळी ठेविली होती. सूचना मोजक्याच असाव्यात, त्यांनी केंद्राचे लक्ष योग्य जागी वळवावे आणि तपशील मग केंद्राने विचारून घ्यावा, असा कर्त्यांचा विचार होता. हा विचार आजही विसरता कामा नये.

अग्रेषण कशासाठी?

आता असा प्रश्न निघेल, की कलघटगीच्या उपकरणाने आपली वर्दी थेट बंगळूरला का देऊ नये? देता येईल. परंतु दुरुस्तीची गाडी धारवाडहून निघणार असेल, तर धारवाडला ती प्रथम कळली पाहिजे. उलट, एकाच वेळी पाच जिल्ह्यांत बिघाड झाला तर त्याचा अर्थ राज्याच्या केंद्रालाच लागेल. म्हणून बंगळूरलाही ती हवी. शिवाय तार पुरविणाऱ्या संस्थेचे स्वतःचे देखरेख केंद्र असते, तेथेही ती गेली तर बरे. प्रत्येक उपकरणात तीन-तीन पत्ते लिहून ठेवता येतात; पण एखाद्या केंद्राचा पत्ता बदलला, की जिल्ह्यातील शेकडो उपकरणांत जाऊन तो बदलावा लागेल. त्यापेक्षा सर्व उपकरणांनी जिल्ह्याच्या केंद्राला वर्दी द्यावी आणि केंद्राने ती पारखून पुढे धाडावी, ही सोयीची व्यवस्था होय. हेच ट्रॅपचे अग्रेषण. शासकीय कचेरीत आवक-जावक शाखा जे काम करते, तेच येथे एक संगणक करतो.

व्यवस्था लावण्याचा क्रम

ही व्यवस्था लावताना क्रम पाळावा लागतो. प्रथम तालुक्याच्या उपकरणात तीन गोष्टी नोंदवाव्यात : वर्दी कोणाला द्यावयाची, नियमावलीच्या कोणत्या आवृत्तीत द्यावयाची आणि कोणत्या घटनांची द्यावयाची. अनेक उपकरणांना एकाहून अधिक तारा जोडलेल्या असतात आणि त्या त्या तारेचा पत्ता निराळा असतो. म्हणून वर्दी नेहमी एकाच ठरावीक पत्त्यावरून निघेल, अशी तजवीज उपकरणातच करावी. तसे न केल्यास एकच उपकरण आज एका नावाने आणि उद्या दुसऱ्या नावाने बोलू लागते.

त्यानंतर वाटेतील संरक्षक भिंतींचा विचार. १६२ क्रमांकाच्या दाराकडे जाणारी वाट मोकळी आहे काय, हे तालुका ते जिल्हा आणि जिल्हा ते राज्य अशा दोन्ही टप्प्यांवर पाहावे. पहिला टप्पा मोकळा असून दुसरा बंद असला, तर जिल्ह्याच्या पडद्यावर सर्व सूचना दिसतात आणि वरच्या केंद्रात शांतता असते. ही शांतता फसवी असते. कारण 'सारे सुरळीत आहे' आणि 'काहीच पोहोचत नाही' या दोन्ही अवस्था पडद्यावर सारख्याच दिसतात.

तिसरी पायरी जिल्ह्याच्या केंद्रातील संगणकाची. 'नेट-एसएनएमपी' या विनामूल्य उपलब्ध असलेल्या आज्ञावलीचे उदाहरण घेतल्यास, ट्रॅप स्वीकारणाऱ्या कार्यक्रमाच्या नियमपत्रात प्रत्येक परवलीसमोर तीन अधिकार लिहिता येतात : सूचना नोंदविणे, सूचनेवरून एखादी आज्ञा चालविणे आणि सूचना जाळ्यावरून पुढे पाठविणे. केवळ पहिला अधिकार लिहिला तर सूचना नोंदवहीत दिसते, पण पुढे जात नाही. या आज्ञावलीच्या ५.३ या आवृत्तीपासून असा दंडक आहे, की कोणताही अधिकार लिहिलेला नसेल तर आलेल्या सूचनेवर कार्यवाहीच होत नाही. नव्याने यंत्रणा बसविणारे पुष्कळदा येथेच अडतात. अधिकार लिहिल्यानंतर अग्रेषणाची ओळ लिहावयाची. तीत कोणत्या प्रकारची सूचना कोणत्या पत्त्यावर धाडावी, हे स्पष्ट करावे. धारवाडने बंगळूरला पाठवावे आणि बंगळूरने तेच पुन्हा धारवाडला परत करावे, असे चक्र तयार होणार नाही, याचीही खातरजमा करावी.

चौथी पायरी शब्दकोशाची. यंत्रे परस्परांशी नावांनी न बोलता बिंदूंनी जोडलेल्या अंकमालिकांनी बोलतात. त्या अंकांचा अर्थ सांगणारी सूची, जिला 'मिब' म्हणतात, ती स्वीकारणाऱ्या प्रत्येक केंद्रात असली पाहिजे. ती नसल्यास 'जोडणी तुटली' ऐवजी अंकांची एक लांबलचक ओळ पडद्यावर उमटते आणि रात्रपाळीचा कर्मचारी ती बाजूला सारतो. नवे उपकरण खरेदी करतानाच उत्पादकाकडून ही सूची मागून घेणे, हा खरेदीच्या अटींचा भाग असावा.

पाठविणारा कोण?

अग्रेषणातील सर्वांत नाजूक प्रश्न पाठविणाऱ्याच्या ओळखीचा आहे. तलाठ्याचा अहवाल तहसीलदारांनी आपल्या पत्रासोबत वर पाठविला आणि मूळ अहवालाची प्रत जोडण्यास विसरले, तर जिल्हाधिकारी कार्यालयास ते पत्र तहसीलदारांचेच वाटेल. कोणत्या गावचा विषय आहे, हे कळणार नाही. संगणकाचेही तसेच होते. कलघटगीची वर्दी धारवाडने पुढे पाठविली, की बंगळूरच्या पडद्यावर पाकिटावरचा पत्ता धारवाडचा दिसतो आणि धारवाडचेच उपकरण बिघडले असा समज होतो.

१९९० च्या पद्धतीत ट्रॅपच्या मजकुरातच मूळ उपकरणाचा पत्ता लिहिण्याची जागा होती. १९९३ नंतरच्या आवृत्तीत मजकुराची रचना बदलली आणि ती ठरावीक जागा राहिली नाही. पुढे २००३ मध्ये निरनिराळ्या आवृत्त्यांच्या सहवासाविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला, त्यात जुन्या ट्रॅपचे नव्यात रूपांतर करणाऱ्या मध्यस्थाने मूळ पत्ता स्वतंत्र बाब म्हणून जोडावा, असे सांगितले गेले. म्हणून अग्रेषणाची आज्ञावली निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की ती मूळ पत्ता राखते की स्वतःचा पत्ता लावते; आणि वरच्या केंद्रातील आज्ञावली तो मूळ पत्ता वाचते की नाही.

याच संदर्भात आणखी एक साधी सवय उपयोगी पडते. प्रत्येक उपकरणात 'स्थान' आणि 'संपर्क' अशा दोन नोंदींची सोय असते. त्या बहुधा कोऱ्या राहतात. 'तहसील कार्यालय, कलघटगी, पहिला मजला' एवढे जरी लिहिले, तरी केंद्राला ते विचारून घेता येते आणि मध्यरात्री कोणत्या दाराची किल्ली शोधावयाची, हे कळते. संपर्काच्या जागी व्यक्तीचे नाव न लिहिता पदाचे नाव लिहावे. कारण बदल्या होतात, पद राहते.

पोच

ट्रॅप हे साध्या टपालासारखे आहे. पेटीत टाकले, पुढे पोहोचले की नाही, हे पाठविणाऱ्यास कळत नाही. वाटेत गर्दी झाली आणि वर्दी गळून पडली, तर तिची कोठेही नोंद राहत नाही. ही उणीव ओळखून १९९३ च्या आवृत्तीत 'इन्फॉर्म' नावाची दुसरी सूचना आली. तीत स्वीकारणाऱ्याने पोच द्यावी लागते आणि पोच न आल्यास पाठविणारा पुन्हा पाठवितो. विशेष असे, की आरंभी ही सूचना एका देखरेख केंद्राने दुसऱ्या केंद्राला माहिती देण्यासाठीच योजिलेली होती. म्हणजे अग्रेषणाच्या टप्प्याला ती स्वभावतःच जुळते. जिल्ह्यापासून राज्यापर्यंतच्या वाटेवर शक्य तेथे पोच मागणारी पद्धत वापरावी. तालुक्याचे लहान उपकरण पोच येईपर्यंत निरोप स्मरणात धरून ठेविते, हा भार मात्र लक्षात घ्यावा.

परवली आणि सुरक्षितता

पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडपणे तारेवरून जातो. बाजारातून आलेल्या पुष्कळ उपकरणांत हा शब्द 'पब्लिक' असाच असतो आणि तो बदलण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. घराच्या किल्लीवर घराचा पत्ता लिहून ती अंगणात टांगावी, तसाच हा प्रकार. डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत पाठविणाऱ्याची ओळख पटविणे आणि मजकूर गुप्त ठेवणे, या दोन्ही सोयी आहेत. तिच्यात प्रत्येक उपकरणास स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि ट्रॅप स्वीकारणाऱ्या केंद्रात पाठविणाऱ्या उपकरणाचा तो क्रमांक वापरकर्त्याच्या नावासह नोंदवावा लागतो. उपकरण बदलले आणि नवा क्रमांक नोंदविण्याचे राहिले, तर त्याची प्रत्येक वर्दी केंद्र नाकारते. म्हणून उपकरण बदलण्याच्या कामाच्या पूर्तता-अहवालात 'नवा क्रमांक केंद्रात नोंदविला' असा रकाना असणे अगत्याचे आहे.

सूचनांचा पूर

वर्दी न येणे जितके घातक, तितकेच वर्द्यांचा पूर येणे घातक. पावसात एखादी जोडणी सैल झाली, की ती मिनिटात दहा वेळा तुटते आणि जुळते. प्रत्येक वेळी सूचना निघते. जिल्ह्याची मुख्य तार तुटली, तर तिच्यामागच्या सर्व ठिकाणांविषयी तक्रारींचा वर्षाव होतो. अशा वेळी सर्व काही जसेच्या तसे पुढे पाठविणे म्हणजे वरच्या केंद्राला बधिर करणे होय. सतत वाजणाऱ्या घंटेकडे लक्ष न देण्याची सवय माणसाला फार लवकर लागते आणि मग ज्या दिवशी ती खरोखर ऐकावयाची, त्या दिवशीही ती ऐकली जात नाही. म्हणून जिल्ह्याच्या केंद्राने सर्व सूचना आपल्या नोंदवहीत ठेवाव्यात. पुढे मात्र निवडक पाठवाव्यात. एकच सूचना ठरावीक वेळात पुन्हा पुन्हा आली, तर ती एकदाच धाडावी आणि जोडणी पूर्ववत झाल्याची सूचना आधीच्या तक्रारीशी जोडून ती तक्रार निकालात काढावी.

तुटलेली तार आपली बातमी देत नाही

एवढे सारे केले, तरी एक मर्यादा उरते. कलघटगीकडे जाणारी एकच तार असेल आणि तीच तुटली, तर तुटल्याची वर्दी कलघटगीचे उपकरण कोणत्या वाटेने देणार? येथे दुसऱ्या टोकाने बोलावे लागते. धारवाडच्या उपकरणास आपल्या बाजूची जोडणी निष्प्राण झालेली दिसते आणि ते वर्दी देते. पण मधल्या एखाद्या ठाण्यात बिघाड असेल, तर दोन्ही टोके शाबूत भासतात आणि कोणीच काही बोलत नाही. त्यासाठी दर काही मिनिटांनी विचारण्याची पहिली रीत चालूच ठेवावी लागते. सांगण्याची रीत वेगवान आहे, विचारण्याची रीत खात्रीची आहे. एकीने दुसरीची जागा घेता येत नाही.

वीज गेल्याचेही असेच. ग्रामपंचायतींपर्यंत जाणाऱ्या प्रकाशतंतू-व्यवस्थेत टोकाच्या उपकरणाचा वीजपुरवठा खंडित होताच, उरलेल्या क्षणभराच्या शक्तीवर अखेरचा निरोप पाठविण्याची सोय प्रमाणातच केलेली आहे. तिला 'डाइंग गॅस्प', म्हणजे अखेरचा श्वास, असे नाव आहे. हा निरोप गटाच्या ठिकाणच्या उपकरणाला मिळतो. वीज गेली की तार तुटली, हे त्यावरून तत्काळ कळते. म्हणजे तार जोडणाऱ्याला बोलवावयाचे की वीज मंडळाला, याचा निर्णय होतो. मात्र गटाच्या ठिकाणाहून हा निरोप पुढे धाडण्याची सोय चालू केलेली नसेल, तर तो अखेरचा श्वास तेथेच विरतो.

शेवटचा टप्पा माणसाचा

यंत्रणा बसविली, कागदावर पूर्ण झाली, एवढ्याने काम संपत नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते. चाचणीची सूचना हाताने पाठविण्याची आज्ञा वर उल्लेखिलेल्या आज्ञावलीत आहे. परंतु खरी परीक्षा म्हणजे, पूर्वकल्पना देऊन, कचेरीची वेळ संपल्यावर कलघटगीसारख्या ठिकाणची एक तार प्रत्यक्ष काढणे आणि घड्याळ लावून बसणे. जिल्ह्याच्या पडद्यावर वर्दी किती वेळात आली? राज्याच्या पडद्यावर ती कलघटगीच्या नावाने आली की धारवाडच्या? ज्या अभियंत्याने निघावयाचे, त्याच्या दूरध्वनीवर संदेश गेला काय? तो रजेवर असल्यास पुढचा कोण? या चार प्रश्नांची उत्तरे महिन्यातून एकदा लेखी मिळाली, तर यंत्रणा जिवंत आहे असे समजावे.

कोणत्याही साखळीत वर्दी अखेर एका माणसापाशी येऊन थांबते. त्या माणसाला ती आपली वाटली पाहिजे. 'मला प्रत आली होती, कार्यवाही दुसऱ्याकडे होती' हे वाक्य कचेरीच्या कागदांत जितके परिचित आहे, तितकेच ते देखरेख केंद्रातही रुजू शकते. सर्वांना पाठविलेली सूचना कोणाचीच नसते. म्हणून अग्रेषणाच्या प्रत्येक ओळीसमोर एका पदाचे नाव असावे आणि त्या पदावरील व्यक्तीने 'वर्दी मिळाली, निघालो' एवढे तरी नोंदवावे. यंत्रांच्या पोचेपेक्षा ही माणसाची पोच अधिक मोलाची आहे.

रात्री तीन वाजता निघालेली वर्दी सव्वातीनला योग्य माणसापर्यंत पोहोचली आणि पहाटे दुरुस्ती झाली, तर सकाळी दहाला खिडकी उघडेल तेव्हा रांगेतील शेतकऱ्याला काही घडले होते याचा पत्ताही लागणार नाही. तो आपला उतारा घेईल आणि दुपारच्या गाडीने घरी परतेल. त्याचा दिवस वाया गेला नाही, एवढ्यासाठीच ही सारी खटपट करावयाची आहे.